दुधारी पाते, ब्रश आणि साबण : आधी फेस जमवावा, मग पात्याकडे पाहावे

सकाळचे_ऊन (धागाकर्ता):

दाढी ही उरकून टाकायची गोष्ट आहे, अशा समजुतीने मी वीस वर्षे ती उरकत आलो. डब्यातून फवारलेला फेस, पाच पात्यांचे कार्ट्रिज, घाईने फिरवलेला हात आणि दिवसभर कॉलरला घासून चुणचुणणारा गळा, एवढाच माझा अनुभव होता. चार वर्षांपूर्वी पुण्यात रविवार पेठेतल्या एका सलूनच्या सामानाच्या दुकानातून मी साधा ब्रश, साबणाची वडी आणि दुधारी पात्याचा सेफ्टी रेझर आणला. आज सकाळची ती पंधरा मिनिटे मला दिवसातली सर्वांत आवडती वाटतात. मात्र मध्ये सहा आठवडे असे गेले की सगळे सामान कोणाला तरी देऊन टाकावे, असे रोज वाटत होते. त्या सहा आठवड्यांत माझे काय चुकत होते ते नव्याने सुरुवात करणाऱ्यांना कळावे, म्हणून हा धागा काढत आहे.

त्या काळात गाल कापले की मी पाते बदलत होतो, आग झाली की रेझरला दोष देत होतो आणि कोणते पाते सर्वांत चांगले याच शोधात होतो. चूक मात्र फेसात होती. वाटीत भरपूर, पांढराशुभ्र आणि फुगलेला फेस दिसला की मी समाधान मानत असे. प्रत्यक्षात त्यात हवा जास्त आणि पाणी कमी असे, आणि पाते कोरड्या कातडीवरून ओढले जाई. फेसाचे खरे काम केस पाण्यात भिजत ठेवणे आणि पात्याखाली बुळबुळीत थर धरणे हे आहे. दाढीचा केस केराटिनचा असतो आणि पाणी शोषल्यावर तो पुष्कळ मऊ होतो, पण त्यासाठी दोन-तीन मिनिटे लागतात. म्हणून आंघोळीनंतर दाढी करणे किंवा आधी कोमट पाण्याने भिजवलेला पंचा तोंडावर धरणे हा निव्वळ चैनीचा भाग नाही. केस पोलादापेक्षा कितीतरी मऊ असूनही पात्याची धार का जाते, याचा अभ्यास अमेरिकेतील एमआयटीच्या संशोधकांनी केला व तो २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले की धार केवळ झिजून बोथट होत नाही. केस पात्याखाली वाकतो तेव्हा धारेचे सूक्ष्म टवके उडतात. तो अभ्यास वाचल्यापासून भिजवण्याच्या त्या तीन मिनिटांत मी कधी काटकसर केलेली नाही.

माझी सध्याची पद्धत अशी आहे. ब्रश कोमट पाण्यात बुडवून ठेवतो, मग हलकेच झटकतो आणि वडीवर अर्धा मिनिट गोल फिरवतो. ब्रशच्या टोकांवर चक्क्यासारखा घट्ट लेप चढला की तो वाटीत घेऊन बोटाने थेंब थेंब पाणी घालत घोळवतो. सुरुवातीला मोठे बुडबुडे दिसतात, पुढे ते मोडतात, आणि शेवटी फेसावर घट्ट विरजलेल्या दह्यासारखी ओली चकाकी येते. चिमटीत धरून बोटे घासली तर ती सहज निसटली पाहिजेत. बोटे अडखळली तर पाणी कमी आहे, आणि फेस गालावरून ओघळू लागला तर पाणी जास्त झाले आहे. बहुतेक नवशिक्यांचा फेस कोरडाच असतो, असे माझे निरीक्षण आहे.

रेझर मात्र दाबायचा नाही. त्याच्या डोक्याचे वजन त्याचे काम करते आणि आपण केवळ कोन सांभाळायचा असतो, साधारण तीस अंशांचा. दांडी आधी गालाला काटकोनात धरून पाते केसांना लागेपर्यंत हळूहळू खाली आणली की तो कोन आपोआप सापडतो. पहिला हात सुलटा, म्हणजे केस ज्या दिशेने वाढतात त्या दिशेने घ्यावा. मग पुन्हा फेस लावून आडवा घ्यावा. उलटा हात ज्याला सोसेल त्याने घ्यावा, मला तो गळ्यावर सोसत नाही.

आपापले अनुभव लिहावेत, विशेषतः पाणी आणि साबण यांविषयी.

गोदाकाठ:

धागा मनापासून आवडला, पण वर्णन वाचून थोडी हताशाही वाटली. मी छत्रपती संभाजीनगरला राहतो आणि आमच्या सोसायटीला बोअरचे पाणी आहे. आपण सांगता तसाच लेप मी ब्रशवर चढवतो, परंतु पाणी घालू लागलो की फेस मिनिटभरात बसतो आणि वाटीच्या कडेला करडी, चिकट साय राहते. तीन वेगवेगळे साबण वापरून पाहिले. टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) मोजण्याच्या यंत्रावर पाण्याचा आकडा ७८० येतो. ट्यूबमधल्या क्रीमने त्यातल्या त्यात बरे जमते, पण वडीचा फेस आजवर एकदाही गालावर टिकलेला नाही. हातातच दोष असावा असे समजून मी ब्रश कपाटात ठेवून दिला होता.

मूलद्रव्य:

गोदाकाठ, आपल्या हातात दोष नाही. मी शाळेत तीस वर्षे रसायनशास्त्र शिकवले आहे आणि आपल्या मराठी पाठ्यपुस्तकांनी अशा पाण्याला दिलेले नाव या धाग्यात अगदी चपखल बसते : दुष्फेन पाणी, ज्यात साबणाचा फेस नीट होत नाही ते. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. साबण म्हणजे मेदाम्लांचे सोडियम किंवा पोटॅशियमचे क्षार. दुष्फेन पाण्यात गेल्यावर त्यांतली मेदाम्ले कॅल्शियमला धरतात आणि पाण्यात न विरघळणारा साका तयार होतो. आपल्या वाटीच्या कडेची करडी साय ती हीच. पाण्यातले सगळे कॅल्शियम अशा रीतीने साबण खाऊन संपेपर्यंत फेसासाठी साबण उरतच नाही.

यावरून दोन गोष्टी निघतात. पहिली अशी की टीडीएसचा आकडा म्हणजे पाण्याचा कठीणपणा नव्हे. ते यंत्र विरघळलेल्या सगळ्याच क्षारांचा अंदाज देते. त्यात साधे मीठही आले, जे फेसाला तितके मारक नाही. कठीणपणाची चाचणी वेगळी करावी लागते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरमागे २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे. म्हणजे पिण्यास चालणारे पाणीसुद्धा दाढीच्या साबणाला पुरते नको असू शकते. दुसरी गोष्ट अशी की पाणी उकळण्याने बायकार्बोनेटमुळे आलेला अस्थायी कठीणपणा तेवढा जातो, सल्फेट आणि क्लोराइडमुळे आलेला तसाच राहतो.

उपाय मात्र सोपा आहे, कारण फेसाला पाणी लागते ते जेमतेम अर्धी वाटी. घरात आरओचे शुद्ध पाणी असेल तर ब्रश भिजवायला आणि फेस घोळवायला तेच घ्यावे. त्या यंत्राच्या दुसऱ्या नळीतून जे पाणी बाहेर टाकले जाते ते मात्र घेऊ नये, त्यात क्षार उलट अधिक असतात. पावसाळ्यात गच्चीवरचे पहिले पाणी वाहून गेल्यावर धरलेले पागोळ्यांचे पाणी तर उत्तमच, कारण पावसाचे पाणी सुफेन असते. रेझर बुचकळायला आणि तोंड धुवायला बोअरचे पाणी खुशाल वापरावे, फक्त शेवटी शुद्ध पाण्याचा एक हात चेहऱ्यावरून फिरवावा.

क्रीम आपल्याकडे का चालले असावे, तेही सांगतो. ट्यूबमधल्या क्रीममध्ये बहुतांशी पोटॅशियमचा साबण असतो. तो मऊ असतो, पाण्यात लवकर विरघळतो, आणि क्रीममध्ये मुळातच पुष्कळ पाणी असते. शिवाय कॅल्शियमला बांधून ठेवणारी ईडीटीएसारखी द्रव्येही अनेक उत्पादनांत घातलेली असतात. कठीण वडीत सोडियमच्या साबणाचा वाटा जास्त. चांगल्या दाढीच्या साबणात दोन्ही असतात आणि स्टिअरिक आम्लाचे प्रमाण भरपूर असते, कारण टिकाऊ, बारीक फेस स्टिअरेटमुळे येतो. खोबरेल तेलामुळे फेस चटकन उठतो, पण मोठ्या बुडबुड्यांचा असतो आणि लवकर बसतो. आंघोळीच्या साबणावर ब्रश घासून दाढी केली की फेस गालावर सुकतो, त्याचेही कारण हेच.

तुळशीवृंदावन:

माझी अडचण निराळी आहे. आमच्या घरी वारी आहे आणि प्राण्यांच्या केसांचा ब्रश किंवा चरबीचा साबण वापरणे मला पटत नाही. परदेशातल्या नावाजलेल्या साबणांविषयी वाचले की घटकांत बहुतेकदा प्राणिज चरबी निघते, आणि ब्रश डुकराच्या किंवा बिज्जूसारख्या प्राण्याच्या केसांचा. या छंदात माझ्यासारख्याला जागा आहे का?

सकाळचे_ऊन:

तुळशीवृंदावन, अवश्य आहे, आणि त्यासाठी काही गमवावेही लागत नाही. मी तिन्ही प्रकारचे ब्रश वापरले आहेत. डुकराच्या केसांचा ब्रश सुरुवातीला खरखरीत असतो, दाढीआधी तो काही मिनिटे भिजवावा लागतो, आणि पंधरा-वीस दाढ्यांनंतर केसांची टोके दुभंगून तो मऊ पडतो. बॅजरचे, म्हणजे आपण म्हणता त्या बिज्जूसारख्या प्राण्याचे, केस पाणी अधिक धरतात, पण ब्रश महाग असतो आणि ते केस प्रामुख्याने चीनमधून येतात. कृत्रिम तंतूंचे नवे ब्रश मऊ असतात, भिजवावे लागत नाहीत, साबण कमी पितात आणि कोकणातल्या दमट हवेतही तासाभरात सुकतात. दहा-पंधरा वर्षांपूर्वीचे नायलॉनचे ताठ ब्रश ज्यांनी वापरले आहेत, त्यांचे मत कृत्रिम ब्रशाविषयी वाईट असते. त्यांनी नवा ब्रश हातात घेऊन पाहावा. आज मला एकच ब्रश ठेवायला सांगितला तर मी कृत्रिमच ठेवीन.

केसांच्या ब्रशाचा आणखी एक जुना धोका होता. पहिल्या महायुद्धाच्या काळात घोड्याच्या केसांचे नीट निर्जंतुक न केलेले दाढीचे ब्रश ब्रिटन आणि अमेरिकेत विकले गेले आणि त्यांतून लोकांना अँथ्रॅक्स, म्हणजे काळपुळीचा रोग झाला. आता केस निर्जंतुक करूनच येतात, तेव्हा भीतीचे कारण नाही.

साबणाबाबत आपल्याकडे परिस्थिती उलट सोयीची आहे. भारतात वनस्पती तेलांपासून साबण करण्याचा प्रघात गोदरेजने शंभर वर्षांपूर्वीच, १९१९ च्या सुमारास पाडला. पाकिटावरचे घटक वाचून घ्यावेत; स्टिअरिक आम्लही वनस्पतीजन्य आणि प्राणिज असे दोन्ही प्रकारचे असते, म्हणून केवळ त्या शब्दावर न जाता शाकाहारी असल्याची हिरवी खूण पाहावी.

मनमाडकर_जुने:

माझे वय चौऱ्याहत्तर आहे आणि या धाग्याने मला मनमाडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये नेऊन सोडले. वडील ड्यूटीवर जाण्याआधी ओसरीच्या खांबाला आरसा टांगून बसत. पितळी वाटी, गोल दाढीच्या साबणाची डबी, दांडी तडकलेला ब्रश आणि तुरटीचा खडा हे सामान मांडण्याचा त्यांचा क्रम कधी बदलला नाही. त्या काळातली पाती साध्या कार्बन पोलादाची असत आणि ओली राहिली की एका रात्रीत गंजत. म्हणून दाढी झाली की ते पाते रेझरमधून काढून, पुसून, त्याच्याच मेणकागदात गुंडाळून ठेवत. धार उतरली की काचेच्या पेल्यात पाणी घेऊन पाते आतल्या बाजूला बोटाने दाबत आणि पुढे-मागे घासत, दोन्ही बाजूंनी मोजून. तो काचेवरचा किर्र आवाज आजही माझ्या कानात आहे. साठच्या दशकात इंग्लंडच्या विल्किन्सन स्वोर्डने स्टेनलेस पाती बाजारात आणली आणि पुढे सगळ्यांनीच ती वाट धरली, तेव्हा हा पेल्याचा विधी संपला.

सलूनमध्ये मात्र मी बराच काळ वस्तराच पाहिला. धोकटीतून चामोटे निघायचे, त्यावर वस्तऱ्याचे चार-सहा हात फिरायचे आणि मग गिऱ्हाइकाच्या गालाला पाणी लागायचे. नाभिक बराच वेळ नुसत्या ओल्या बोटांनी दाढी चोळत, फेस नंतर. आपण भिजवण्याविषयी जे लिहिले ते त्यांना शिकवावे लागत नव्हते. आता सलूनमध्ये दुधारी पाते मधोमध मोडून अर्धे दांडीत बसवतात आणि गिऱ्हाइकागणिक बदलतात, ते आरोग्याच्या दृष्टीने योग्यच आहे. त्यातली कितीतरी पाती आपल्या ठाण्यात, विद्युत मेटॅलिक्सच्या कारखान्यात तयार झालेली असत.

एक ऐकीव गोष्ट लिहितो, जाणकारांनी खरे-खोटे सांगावे. जिलेटने रेझर फुकट वाटले आणि पात्यांवर पैसा मिळवला, असे आमच्या वेळी व्यापाराचे उदाहरण म्हणून सांगत.

राईनतीर:

मनमाडकर काका, आपले लिखाण वाचून फार बरे वाटले. फुकट रेझरची गोष्ट मात्र जिलेटच्या आरंभीच्या काळाला लागू होत नाही. किंग कॅम्प जिलेट यांच्या रेझरची विक्री १९०३ मध्ये सुरू झाली, त्या वर्षी अवघे ५१ रेझर आणि १६८ पाती खपली. पुढच्याच वर्षी रेझरचा खप नव्वद हजारांवर गेला आणि पेटंटही १९०४ मध्येच मिळाले. त्या रेझरची किंमत पाच डॉलर होती, जी त्या वेळी सामान्य कामगाराला मुळीच स्वस्त नव्हती. १९२१ मध्ये पेटंटची मुदत संपून इतरांना तसे रेझर बनवता येऊ लागले, तेव्हा कंपनीने स्वस्त रेझर काढले. पातळ पत्र्याला धार लावण्याचे अवघड काम ज्यांनी साधले ते अभियंते विल्यम निकरसन होते, त्यांचे नाव मात्र पाकिटावर कधी आले नाही, याची मला हळहळ वाटते.

मी जर्मनीत ड्युसेलडॉर्फला राहतो. येथून झोलिंगेन जवळ आहे आणि चाकू, कात्र्या व वस्तरे यांसाठी ते गाव कित्येक शतके ओळखले जाते. त्या गावाचे नाव पात्यावर कोरण्याचा हक्क १९३८ पासून कायद्याने राखीव आहे; बाहेर बनवलेल्या मालावर ते घालता येत नाही. ग्रेफ्राट भागात पात्यांचे संग्रहालय आहे. मर्कूर कंपनीचे रेझर याच गावातले, आणि माझा ३४सी हा आखूड दांडीचा रेझर तेथूनच घेतलेला आहे. नवशिक्याने असाच सौम्य, बंद दात्यांचा, म्हणजे पात्याखालची कड सलग असलेला, रेझर घ्यावा. मी उत्साहाच्या भरात आधी उघड्या दात्यांचा घेतला आणि त्यात फेदर या जपानी कंपनीचे पाते बसवले. ते पाते अत्यंत धारदार असते, परंतु कोन न साधलेल्या हाताला ते क्षमा करत नाही. हनुवटीखालची जखम भरायला आठवडा लागला.

धागाकर्त्यांच्या एका मुद्द्याशी मी पूर्ण सहमत नाही. फेस जमल्यावर पात्याचा फरक गौण ठरतो असा सूर त्यात जाणवतो. माझी दाढी राठ आहे आणि तोच फेस, तोच रेझर असताना दोन पात्यांत जमीन-अस्मानाचा फरक मला जाणवला आहे.

सकाळचे_ऊन:

राईनतीर, आपला आक्षेप मान्य आहे. पात्याचा फरक खराच असतो. पण फेस रोज वेगळा होत असेल तर तो फरक ओळखता येत नाही. म्हणून आधी महिनाभर एकच साबण, एकच रेझर आणि एकच पाते ठेवावे, फेस स्थिर झाला की मग पाती बदलून पाहावीत.

काटेरी:

माझे केस कुरळे आहेत आणि गळ्यावर, घाटीच्या दोन्ही बाजूंना, केस आत वळून बारीक गाठी येतात. बहुपाती कार्ट्रिज सोडून दोन महिने झाले, थोडा फरक आहे पण पूर्ण गेले नाही. दाढीनंतर तुरटी लावतो, ती फार झोंबते.

मूलद्रव्य:

बहुपाती रेझरमध्ये पहिले पाते केस किंचित ओढते आणि तो मागे सरकण्याआधी पुढचे पाते कापते, त्यामुळे तुटलेले टोक कातडीच्या आत जाते. कुरळा केस मग वाढताना आतच वळतो. एकाच पात्याने हे कमी होते, पण उलटा हात घेतला किंवा कातडी ताणून घोटली तर पुन्हा तेच घडते. गळ्यावर महिनाभर केवळ सुलटा हात घ्यावा. त्यासाठी दोन दिवसांची खुंटे वाढू देऊन बोटांनी चाचपून पाहावे. बहुतेकांच्या गळ्यावर केस सरळ खाली न वाढता तिरके किंवा भोवऱ्यासारखे वाढतात, आणि ‘वरून खाली’ म्हणजेच सुलटा हात, ही समजूत तेथे चुकते. गाठींत पू होत असेल तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.

तुरटीचे झोंबणे ही उपयोगाची खूण आहे. जेथे दाब जास्त पडला आणि कातडी सोलवटली, तेथेच ती झोंबते. उद्या त्या जागी हात हलका ठेवावा. पण ती चेहऱ्यावर सुकू देऊ नये. मिनिटभराने धुऊन टाकावी, नाही तर कातडी कोरडी पडते. खडा आपला स्वतःचा असावा.

गोदाकाठ:

तीन आठवड्यांनी पुन्हा लिहीत आहे. कपाटातला ब्रश बाहेर काढला, आरओच्या पाण्याने भरलेली एक बाटली बेसिनपाशी ठेवली आणि तीच जुनी वडी घेतली. पहिल्याच दिवशी फेस सुलट्या आणि आडव्या, दोन्ही हातांना पुरला आणि तरी वाटीत उरला. करडी साय आली नाही. ज्या साबणाला मी वाईट ठरवले होते तो उत्तम निघाला. त्या तिघांतला चंदनाच्या वासाचा साबण मात्र अजूनही लवकर बसतो, त्यात खोबरेल जास्त असावे असे मूलद्रव्य सरांचे वाचून वाटते.

काल एक प्रयोग मुद्दाम केला. डाव्या गालासाठी बोअरच्या पाण्याने आणि उजव्यासाठी बाटलीतल्या पाण्याने फेस केला, पाते तेच ठेवले. नंतर तुरटी फिरवली तेव्हा डावा गाल झोंबला आणि उजव्याला काही कळलेच नाही. माझा मुलगा यंदा अठरा वर्षांचा झाला आहे, तो दारात उभा राहून हे सगळे पाहत होता. आज सकाळी बाटली अर्धी रिकामी होती आणि माझा ब्रश ओला होता, म्हणून त्याच्यासाठी दुसरा ब्रश मागवायचा आहे. कृत्रिम तंतूंचा, मध्यम आकाराचा, सुरुवातीला साजेसा कोणता घ्यावा, ते कृपया कळवावे.